काका, बंदूक कोणती घेऊ?

परवा रात्री साडेनऊच्या सुमारास पुतण्याचा फोन आला. एरवी तो सकाळी फोन करतो, त्यामुळे जरा धस्सच झाले.

"काका, झोपलाव का?"

"नाही रे. बोल."

"हरभरा गेला बगा. काल राती परत आल्ते. पंधरा-वीस डुकरं व्हती. घाट्यात आलेला हरभरा पार लोळवून टाकला. आता बंदूकच घ्यावं म्हणायलाव. तुम्ही जरा बगून सांगा की, कोनती घेऊ?"

निवृत्त मास्तराला लोक काय काय विचारतील याचा नेम नाही. लग्नाचा मुहूर्त, पोराचा कॉलेज प्रवेश, सातबाऱ्यावरची चूक, इथपर्यंत ठीक होते. बंदूक कोणती घ्यावी हे मात्र आयुष्यात पहिल्यांदाच कोणी विचारले! फोन ठेवल्यावर त्याने व्हॉट्सअॅपवर चार फोटो पाठवले. सगळ्या रायफलींवर नळीसारख्या लांबलचक दुर्बिणी बसवलेल्या. खाली लिहिले होते, "स्वस्तात मस्त पायजे. रातचं दिसायला पायजे." ही शेजारी बसून बघत होती. म्हणाली, "आता या वयात शिकारी होताव का काय?"

मंडळी, चेष्टेचा भाग सोडा. पोराचे खरेच नुकसान झाले आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात जो पाऊस कोसळला त्यात त्याचे सोयाबीन पाण्यात गेले. उरलीसुरली आशा रब्बीच्या हरभऱ्यावर होती. तो उगवला, फुलला, घाट्यात आला आणि आता डुकरे ती आशा खुराने तुडवत आहेत. अशा माणसाला "अरे, अहिंसा परमो धर्मः" असे सांगणे हा उद्धटपणा झाला असता. म्हणून मी म्हणालो, दोन दिवस दे, अभ्यास करून सांगतो.

आता माझा बंदुकीचा अनुभव किती? कॉलेजात एनसीसीच्या कॅम्पमध्ये पालथे पडून .२२ रायफलच्या पाच गोळ्या झाडल्या होत्या. त्यातल्या दोन माझ्या कागदाला लागल्या आणि एक शेजारच्याच्या कागदाला. बाकी दोन कुठे गेल्या ते आजतागायत कळले नाही. (ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.) पण मास्तराची सवय आहे, विषय आला की मुळापासून बघायचा. तर जे कळले ते सांगतो.

ज्या बंदुकीच्या नळीत आतून पिळदार खाचा असतात ती रायफल. त्या खाचांमुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत जाते, म्हणून सरळ आणि लांब जाते. नळी आतून गुळगुळीत असली की ती आपली छर्ऱ्याची बंदूक, म्हणजे गावाकडे जिला बाराबोर म्हणतात ती. बाराबोर म्हणजे काय हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळले! एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले तर त्यातला एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल ती बाराबोर. म्हणजे नळीचा व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. शाळेत असतो तर गणिताच्या तासाला फळ्यावर मांडले असते.

आणि 'बोल्ट अॅक्शन' म्हणजे आपल्या दाराच्या कडीसारखा प्रकार. कडी उचलून मागे ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडते, पुढे ढकलून खाली दाबली की नवीन काडतूस आत जाऊन कुलूप बसते. साधी, भक्कम, बिघडायला फारसे काही नसलेली रचना. जिम कॉर्बेटला चंपावतच्या वाघिणीच्या शिकारीबद्दल १९०७ नंतर बक्षीस मिळालेली .२७५ रिग्बी रायफल याच जातीची. आपल्या देशात सामान्य परवानाधारकाला मिळणारी अशी रायफल म्हणजे पश्चिम बंगालमधल्या ईशापूर कारखान्याची .३१५. पंचवीस पूर्णांक चार दशांशने गुणा, बरोबर आठ मिलिमीटर येतात. .३१५ च का? तर .३०३ ही लष्कराची गोळी, ती सामान्य माणसाला निषिद्ध. म्हणून शिकाऱ्यांसाठी हा वेगळा बोअर. २०२१ च्या ऑक्टोबरात सरकारने आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या केल्या, तेव्हापासून ईशापूर त्यातल्या एका कंपनीकडे आहे. काडतुसे आपल्या पुण्याच्या खडकीची.

पुतण्याने फोटो पाठवले होते ते बहुतेक परदेशी रायफलींचे. तिकडे अमेरिकेत लोक प्रेअरी डॉग नावाच्या खारीएवढ्या प्राण्यांना, कोल्ह्यांना दोनदोनशे मीटरवरून टिपतात. त्यासाठी हलकी, वेगवान गोळी आणि जबरदस्त दुर्बीण लागते. दुकानातून रायफल आणावी आणि शनिवारी माळावर जावे, इतके ते सोपे. त्या लोकांचे व्हिडिओ बघून आमच्या पोरांना वाटते की आपणही तसेच करावे. पण आपले डुक्कर खारीएवढे नाही, आपले शिवार ओसाड माळ नाही आणि आपला कायदा तर अजिबातच तसा नाही.

कायद्याचे आधी बघू.

१९५९ चा शस्त्र कायदा मी यानिमित्ताने पहिल्यांदा वाचला. त्यात कलम १३ मध्ये पीक संरक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. पण कोणत्या बंदुकीचा? तर ठासणीच्या! होय, नळीत वरून दारू ओतायची, चिंधी ठासायची, छर्रे घालायचे, ती. आणि ठासणीची पुरेशी नाही अशी परवाना देणाऱ्याची खात्री पटली तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक, तीही किमान वीस इंच नळीची. पीक राखण्यासाठीच्या त्या तरतुदीत रायफल नाहीच. रायफल हवी असेल तर वेगळे सबळ कारण दाखवावे लागते आणि ते पटायचे की नाही हे अधिकाऱ्याच्या हातात. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, मग पोलिसांची चौकशी. २०१६ च्या नियमांनुसार बंदूक हाताळण्याचे प्रशिक्षण घेतल्याचा दाखला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांसाठी मिळतो, एवढी एक सोय झाली. आणि निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करण्याचा निरोप बरेचदा येतो. नोव्हेंबर २०२४ ची विधानसभा आठवा. तूर शेतात उभी होती! डुकरांना काही आचारसंहिता नसते.

हे झाले बंदूक बाळगण्याचे. ती जनावरावर चालवणे ही पूर्णपणे निराळी गोष्ट आहे, आणि इथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. परवाना मिळाला म्हणजे डुक्कर मारायला मोकळे, असे नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आडवा येतो. रानडुक्कर आणि रोही हे २०२२ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, दुसऱ्या अनुसूचीत आहेत. त्यांनी पिकाचे नुकसान केले तर कलम ११ खाली वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी घेऊन त्यांना मारता येते. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये याची कार्यपद्धती ठरवून दिली आहे. परवानगी घेऊन मारले तरी मेलेले जनावर सरकारचे. घरी आणून शिजवायचे नाही! अंगावर आले म्हणून जीव वाचवताना मारले तर गुन्हा नाही, पण हरभऱ्यावर आले हे त्यात बसत नाही.

आणि हरीण? आमच्या चाकूर, अहमदपूर, उदगीर भागात काळविटांचे कळपच्या कळप आहेत. नुकसान तेही करतात, कोवळे सोयाबीन शेंड्यासकट कातरतात. पण काळवीट पहिल्या अनुसूचीत. तिथे पिकाचे कारण चालत नाही, आणि शिक्षा किमान तीन वर्षे. १९९८ च्या काळवीट प्रकरणात एका मोठ्या नटाला २०१८ साली जोधपूरच्या न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा सुनावली होती हे सगळ्यांना माहीत आहे. पुढे अपील वगैरे झाले. पण वीस वर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढायला त्याच्याकडे पैसा होता. आमच्या पुतण्याकडे काय आहे? रात्रीच्या अंधारात पिकात काहीतरी हलले, ते डुक्कर की काळवीट, हे ठरवायला एक क्षण मिळतो. त्या एका क्षणावर माणसाने आपली तीन वर्षे लावायची का?

आता त्याच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, दुर्बीण. हा भाग मला फार आवडला, कारण यात अंकगणित आहे. दुर्बिणीवर ४×३२ असे लिहिलेले असते. ४ म्हणजे वस्तू चारपट जवळ दिसते, ३२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. बत्तीसला चाराने भागा, आठ येतात. डोळ्याकडे येणारा प्रकाशाचा झोत आठ मिलिमीटरचा. तरुण माणसाची बाहुली अंधारात साधारण सात मिलिमीटरपर्यंत उघडते, माझ्यासारख्या म्हाताऱ्याची पाचच्या आसपास. म्हणजे चारपट दुर्बीण रात्री चालेल. आता दुसरी घ्या, ३-९×४०. लोक खूश होतात, नऊपट! पण चाळीसला नवाने भागले की साडेचारही येत नाहीत. म्हणजे जितके जवळ आणाल तितका अंधार वाढणार आणि शिवार तितके अरुंद दिसणार. ज्याला रात्रीच्या डुकरासाठी दुर्बीण हवी आहे त्याने आकडा जितका मोठा तितका चांगला, असे समजणे हीच पहिली चूक.

दुसरे असे की दुर्बीण बसवली म्हणजे गोळी तिथेच लागते असे नाही. ती नळीशी जुळवावी लागते. ठरलेल्या अंतरावर कागद लावून गोळ्या झाडायच्या, स्क्रू फिरवायचे, परत झाडायच्या. स्वस्त दुर्बीण रायफलीच्या चार धक्क्यांत हलते, की पुन्हा पहिल्यापासून. काडतुसे मोजून मिळतात, महाग असतात आणि हे सगळे करायला सुरक्षित मैदान लागते. आमच्या चाकूरला सीमा सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे शिकणाऱ्या जवानांना उस्ताद असतात, शिस्त असते, वेळापत्रक असते. आमच्या शेतकऱ्याकडे यातले काय आहे? वर्षातून दोनदा बाहेर निघणारी बंदूक आणि दिवसभर राबून जड झालेले डोळे.

आणि खरे सांगू का, रात्री पिकात डुक्कर दिसते ते तीस-चाळीस पावलांवर. तिथे दुर्बिणीचे कामच नाही.

म्हणून पुतण्याच्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे: रायफल घेऊ नको, दुर्बीण तर नकोच. .२२ घेतलीस तर ती डुकराला नुसती जखमी करील, आणि जखमी डुक्कर सकाळी कुणावर धावून जाईल सांगता येत नाही. एअरगन वीस ज्यूलपर्यंतची विनापरवाना मिळते, पण तिने डुकराच्या अंगावरची माशीही उठणार नाही. पोरे तिने पाखरे मारतात, तो मात्र गुन्हा होतो. .३१५ डुकराला पुरून उरेल, पण ती डुकरापाशी थांबणार नाही. अशा रायफलीची गोळी अडीच-तीन किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते. .२२ ची इवलीशी गोळीसुद्धा दीड मैलापर्यंत धोक्याची, असा इशारा काडतुसांच्या डबीवर छापलेला असतो. आता आमचे शिवार डोळ्यांपुढे आणा. सपाट काळी जमीन, दोन गावांत दोन-तीन किलोमीटर अंतर, मध्ये वस्त्या, आखाडे, रात्रीची लाईट आली म्हणून मोटार चालू करायला निघालेला कोणी, बांधाला झोपलेला राखणदार. एनसीसीतल्या माझ्या त्या दोन गोळ्यांमागे मातीचा उंच बंधारा होता. पुतण्याच्या हरभऱ्यामागे काय आहे? शेजारचा आखाडा आहे.

ज्याच्याकडे आधीपासून परवाना आणि बाराबोर आहे, वनखात्याची लेखी परवानगी हातात आहे, त्याने उंच माळ्यावर बसून, बॅटरीच्या उजेडात जनावर ओळखून, खालच्या दिशेने, चाळीस पावलांच्या आतच बार काढावा. गोळा मातीत जातो. अक्कल एवढीच. पण नव्याने बंदूक घ्यायला निघालेल्या माणसाला मी तेही सांगणार नाही. का, ते सांगतो. ही गोष्ट मी आजवर घरातही नीट सांगितलेली नाही.

१९८० च्या आसपास मी एका लहान खेड्यातल्या शाळेवर होतो. तेव्हा गावातले सगळे अर्ज मास्तरच लिहीत. एके दिवशी एक शेतकरी आला. चांगला माणूस, शाळेच्या खोलीला पत्रे देणारा. म्हणाला, "गुरुजी, बंदुकीचा अर्ज लिहून द्या. डुकरांनी जीव नको केलाय." मी लिहिला. माझी भाषा त्या वयात जरा फुलोऱ्याची होती. 'पोटच्या पोराप्रमाणे वाढविलेले पीक डोळ्यांदेखत उद्ध्वस्त होत असून' वगैरे. यथावकाश परवाना मिळाला, बाराबोर आली. गावाला कौतुक. मला पेढा.

दुसऱ्या वर्षी ज्वारी हुरड्यात असताना, रात्री बाराच्या पुढे, ताटांत काहीतरी हलले. तो माळ्यावर नव्हता, खाली बांधावर बसला होता. त्याने बार काढला. ज्वारीत त्याचाच सालगडी होता. थंडी म्हणून डोक्यावरून काळी घोंगडी घेतलेली आणि वाकून पाण्याचे दारे मोडत होता. मांडीत छर्रे गेले. माणूस वाचला, पण पाय गेला. त्याचा मुलगा माझ्याच वर्गात चौथीत होता. हुशार होता. बापाच्या जागी राबायला तो पुढच्या वर्षी शाळेतून गेला.

पोलीस आले, चौकशी झाली, कागदपत्रे निघाली. त्या कागदांत तो अर्ज मी पाहिला. माझे अक्षर, माझी ती फुलोऱ्याची भाषा. कोणी मला बोल लावला नाही. का लावावा? मी फक्त अर्ज लिहिला होता. पण त्या पोराच्या रिकाम्या जागेकडे बघत मी ते वर्ष शिकवले आहे. नंतर आयुष्यात शेकडो अर्ज लिहिले, बंदुकीचा एकही नाही.

आमच्या भागात बंदुकीची आठवण तशीही चांगली नाही. निजामाच्या राज्यात बंदूक असायची ती वाड्यावर. १९४८ च्या आधीचे ते वर्ष-दीड वर्ष आमच्या वडिलांच्या तोंडून ऐकलेले आहे. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरचाच वकील. रात्री दूरवर बार ऐकू आला की बायका पोरांची तोंडे दाबून धरत, असे आजी सांगे. १७ सप्टेंबर १९४८ ला ते संपले. ज्या शिवारात लोक बाराच्या आवाजाने घाबरून लपले, त्याच शिवारात आता प्रत्येक बांधावर बंदूक यावी, असे मला वाटत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मास्तर, हे सगळे खरे, पण मग डुकरांचे काय? अगदी रास्त प्रश्न. गावात बसून प्राणिप्रेमावर लिहिणे सोपे आहे. मी डुकरांच्या बाजूचा नाही. त्यांची संख्या वाढली आहे, यात वादच नाही. ओढ्याकाठी वेडी बाभूळ माजली, ऊस वाढला, त्यात त्यांना लपायला घर मिळाले. त्यांना खाणारे लांडगे-बिबटे आमच्याकडे उरले नाहीत. एकेक मादी एका वेळी चार-सहा पिले देते. शेतकऱ्याने सगळे करून पाहिले आहे. बांधाला जुन्या साड्या बांधल्या, न्हाव्याकडून केस आणून टाकले, भोंग्यावर कुत्री भुंकवली, फटाके उडवले. चार दिवस डुकरे बिचकतात, पाचव्या दिवशी साडीखालून आत येतात.

माझे म्हणणे इतकेच आहे की डुकरे कमी करायची असतील तर ते सरकारचे काम आहे, एकट्या शेतकऱ्याने अंधारात करायचे नाही. हे होऊ शकते. केरळ सरकारने २०२२ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांना अधिकार दिले, की पिकांत शिरणारी रानडुकरे परवानाधारक नेमबाजांकडून मारून घ्या. बिहारमध्ये जून २०१६ मध्ये मोकामा भागात हैदराबादहून नेमबाज बोलावून दोनशेहून अधिक रोही मारले गेले. त्यावर मोठे वादळ उठले. चंद्रपूरच्या रानडुकरांचा विषयही त्याच वेळी गाजला आणि केंद्रातले दोन मंत्री एकमेकांविरुद्ध जाहीरपणे बोलले. वाद होऊ द्या. जे करायचे ते उघड, शिकलेल्या माणसांच्या हातून, कागदावर नोंद करून होते, हे मला पोरांनी रात्री लपूनछपून बार काढण्यापेक्षा कितीतरी बरे वाटते. माणसे मारण्याचे हत्यार घराघरांत देऊन सरकारने आपली जबाबदारी शेतकऱ्याच्या खांद्यावर टाकू नये. खांदा आधीच वाकलेला आहे.

दुसरे, कुंपण. सौरऊर्जेवरचे झटका यंत्र आता बऱ्याच शेतांत दिसते. तारेत क्षणभर झटका येतो आणि थांबतो. जनावर दचकून मागे फिरते, मरत नाही. पण मंडळी, हात जोडून सांगतो, खांबावरची सरळ लाईट तारेत सोडू नका! दरवर्षी कुठे ना कुठे त्यात माणूस मेल्याची बातमी असतेच. बहुतेक वेळा घरचाच नाहीतर शेजारचा. झटका यंत्र आणि सरळ करंट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि एकट्याने कुंपण केले तर डुकरे शेजाऱ्याकडे जातात. सात-आठ बांधकऱ्यांनी मिळून केले तर खर्चही वाटला जातो, तारही राखली जाते. आमच्याकडे भावाभावांत बांधावरून कोर्ट चालू असते, ते हे कसे जमवणार, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. माझ्याही आला.

तिसरे, भरपाई. वनखाते पंचनामा करून देते, पण त्यासाठी लगेच अर्ज करावा लागतो. आमचे लोक 'कोण हेलपाटे घालणार' म्हणून सोडून देतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केले की २०२६ च्या खरिपापासून वन्यप्राण्यांनी केलेले नुकसानही पीक विम्यात धरले जाईल, त्यासाठी बहात्तर तासांत मोबाईलवरून फोटोसह कळवायचे. घोषणा आणि खात्यावर पैसे यांत किती अंतर असते हे मी सांगायला नको. तरी हक्क आहे तो मागितला पाहिजे. सकाळी उठून तुडवलेल्या पिकाचा फोटो काढायला पैसे लागत नाहीत.

असो. दोन दिवसांनी पुतण्याला घरी बोलावले. हे सगळे सांगितले. दुर्बिणीचा भागाकार त्याला पटला, आवडलासुद्धा. रायफलीची किंमत त्याने लातूरला विचारून आणली होती, ती ऐकून ही म्हणाली, "एवढ्यात चांगली बैलजोडी येती की!" मग मी त्याला १९८० ची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प बसला.

शेवटी म्हणाला, "काका, समदं खरं हाय. पर अर्जानं डुक्कर मरत न्हाई."

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. अजूनही नाही. आम्ही दोन अर्ज लिहिले. एक पंचनाम्यासाठी आणि भरपाईसाठी. दुसरा शेजारच्या सात शेतकऱ्यांच्या नावाने, वनखात्यालाच उद्देशून, की आमच्या शिवारातली रानडुकरे तुमच्या माणसांकरवी, कायद्याने कमी करा आणि सामाईक कुंपणाला मदत द्या. या खेपेला भाषा साधी ठेवली. फुलोरा नाही. सातपैकी पाच सह्या झाल्या आहेत. दोघांचे एकमेकांशी बांधावरून भांडण आहे, त्यांच्याकडे रविवारी मी स्वतः जाणार आहे. दोघेही माझे विद्यार्थी. एकाला मी छडीही मारलेली आहे, बघू ओळख ठेवतो का.

तोवर पुतण्या रोज रात्री बॅटरी आणि डबा घेऊन माळ्यावर जातो. मी त्याला एकच गोष्ट बजावली आहे, राखणीला जाताना काळे घोंगडे घेऊ नको, पांढरे काहीतरी अंगावर असू दे. शेजारच्या कुणी बंदूक घेतली असेल तर काय सांगावे.

तुमच्याकडे काय करतात? विदर्भातले, कोकणातले जे कोणी हे वाचत असाल त्यांनी जरूर कळवा. सामाईक कुंपण कुणी केले असेल, टिकले असेल, भांडणे न होता टिकले असेल, तर अगदी सविस्तर लिहा. मी ते छापून काढून रविवारी बरोबर नेणार आहे.